जुन्या मदरबोर्डला नवा प्रोसेसर : खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक संथ झाला की घरातील मंडळी दोन टोकांचे विचार करू लागतात. एक म्हणजे तो भंगारात काढून नवा घ्यावा, आणि दुसरा म्हणजे आणखी काही वर्षे तसाच रेटावा. या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्ग आहे. मदरबोर्ड तोच ठेवून त्यावरील प्रोसेसर बदलणे, हा तो मार्ग होय. चेंबूरच्या पलीकडे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सावलीत वसलेल्या माहुलसारख्या वस्तीत हा मार्ग विशेष महत्त्वाचा ठरतो. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून हटविलेली हजारो कुटुंबे २०१७ पासून येथील इमारतींत आणली गेली. मोजक्या उत्पन्नात मुलांचे शिक्षण चालविणाऱ्या घराला नवा संगणक परवडतोच असे नाही. मात्र चुकीचा प्रोसेसर आणला तर वाचविलेले पैसेही वाया जातात. म्हणून खरेदीपूर्वीची तपासणी हाच या विषयाचा गाभा आहे.

आधी दुखणे ओळखावे

संगणक संथ होण्याचे कारण प्रोसेसरच असेल असे नाही. विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' उघडून नेहमीचे काम करीत राहावे आणि कोणता आकडा शंभर टक्क्यांना भिडतो ते पाहावे. डिस्कचा आकडा भिडत असेल, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हाच खरा उपाय आहे. मेमरी भरत असेल, तर रॅम वाढवावी. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या यंत्रात कितीही चांगला प्रोसेसर बसविला तरी फरक जाणवणार नाही. डिस्क व रॅम ठीक असूनही प्रोसेसरचा आकडा सतत वर राहत असेल, तरच पुढचा विचार करावा.

सॉकेट जुळले म्हणजे झाले, असे नव्हे

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. मदरबोर्डचे नाव सहसा बोर्डावरच छापलेले असते. 'सीपीयू-झेड' या मोफत प्रणालीतूनही ते कळते. मात्र सॉकेट ही केवळ पहिली अट आहे. दुसरी अट चिपसेटची, तिसरी बायॉसची. इंटेलचे सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर '११५१' या सॉकेटात बसतात. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या सॉकेटचा क्रमांकही तोच आहे, तरीही त्या पिढीला नव्या मालिकेचा चिपसेट लागतो आणि जुन्या बोर्डावर ती चालत नाही. केवळ क्रमांक पाहून खरेदी करणारा ग्राहक येथेच फसतो. मदरबोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डासाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. कोणत्या प्रोसेसरला बायॉसची कोणती आवृत्ती हवी, हेही त्या यादीत दिलेले असते. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ही यादी प्रमाण मानावी.

एच ६१ चे उदाहरण

२०११ मध्ये आलेल्या इंटेलच्या 'एच ६१' चिपसेटचा बोर्ड नमुना म्हणून घेऊ. त्याचे सॉकेट '११५५'. त्यावर बसविलेला पेंटियम जी ६२० हा दोन गाभ्यांचा, २.६ गिगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर. त्याच सॉकेटात २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीचा कोअर आय ५-३४७० बसू शकतो. त्याला चार गाभे आहेत, मूळ वेग ३.२ आणि कमाल वेग ३.६ गिगाहर्ट्झ. आय ७-३७७० मध्ये चार गाभे व आठ थ्रेड आहेत. दुसऱ्या पिढीच्या आय ७-२६०० ची उष्णतामर्यादा ९५ वॅट, तर तिसऱ्या पिढीच्या या दोन्ही प्रोसेसरांची ७७ वॅट आहे. म्हणजे नवी पिढी कमी तापते. मूळ जी ६२० ची मर्यादा ६५ वॅट असल्याने जुना पंखा पुरेल की नाही, हे मात्र पाहावे लागते.

लेखन, ऑनलाइन वर्ग आणि हिशेब एवढेच काम असेल, तर आय ५ पुरेसा आहे. आय ७ चे जादा पैसे चित्रफीत-संपादनासारख्या कामातच वसूल होतात. नावाच्या शेवटचे अक्षरही वाचावे. 'के' म्हणजे वेग वाढविण्याची मुभा, पण एच ६१ वर ती सहसा वापरता येत नाही, म्हणून त्यासाठी जादा किंमत मोजू नये. आय ५-३३५०पी मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर पडद्यावर चित्रच उमटणार नाही.

क्रम चुकला तर बोर्ड निकामी

तिसऱ्या पिढीसाठी सुरुवातीच्या एच ६१ बोर्डांना बायॉस अद्ययावत करावे लागते. हे काम जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच उरकावे. नवा बसविल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर ते करता येत नाही. अद्ययावत करताना वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

असे प्रोसेसर आता वापरलेलेच मिळतात. ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. खरेदी करताना प्रोसेसरवर कोरलेले नाव वाचावे, शक्य तर चालू यंत्रात बसवून दाखविण्याचा आग्रह धरावा आणि परतीची मुदत बिलावर लिहून घ्यावी. इंटेलच्या या सॉकेटात नाजूक पिना मदरबोर्डावर असतात. प्रोसेसर तिरका टेकवला तर पिना वाकतात. बसविताना उष्णतावाहक लेप नव्याने लावावा.

माहुलसारख्या खाडीकाठच्या वस्तीत आणखी एक पाहणी हवी. येथील हवेच्या प्रदूषणाची दखल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये घेतली होती. दमट हवा आणि धूळ यंत्राच्या आतही साचते. बोर्डावर गंज, हिरवट डाग किंवा फुगलेले कपॅसिटर दिसत असतील, तर त्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

कोठे थांबावे

सर्वांत मोठी मर्यादा प्रणालीची आहे. विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा-सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी, किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. एच ६१ बोर्डावर कोणताही प्रोसेसर बसविला तरी ही अट पूर्ण होत नाही. लिनक्स वापरण्याची तयारी असेल, तर मात्र असे यंत्र आणखी काही वर्षे उपयोगी पडते.

याउलट एएमडीच्या 'एएम ४' सॉकेटाचा बोर्ड घरात असेल, तर नशीब चांगले म्हणावे. २०१७ च्या अनेक बोर्डांवर २०२० मध्ये आलेले रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसरही चालतात. ही मुभा २०२२ पासून बायॉसच्या आवृत्त्यांद्वारे मिळाली. येथे प्रोसेसरवरचा खर्च खऱ्या अर्थाने सार्थकी लागतो. त्याहून जुने, २००४ मध्ये आलेले '७७५' सॉकेट असेल, तर मात्र खर्चाचा विचार सोडून द्यावा.

थोडक्यात, दुरुस्तीचा एकूण खर्च मांडून तेवढ्याच पैशांत अधिक नवे, वापरलेले यंत्र मिळते का, हे आधी पाहावे. मिळत असेल, तर तेच घ्यावे. बाद झालेले जुने भाग कचरापेटीत न टाकता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा हेतूही तोच आहे.