डोक्याला पुन्हा पुन्हा मार

विल पुकोव्स्की आठवतो? जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला भारताविरुद्ध पदार्पणातच ६२ धावा काढणारा ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर. ती त्याची एकमेव कसोटी. शाळकरी वयात फुटबॉल खेळताना डोक्याला लागले, पुढे चेंडू हेल्मेटवर आदळत राहिले. मार्च २०२४ मधल्या अशाच चेंडूनंतर, २०२५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. डोकेदुखी, थकवा, गरगरणे मात्र सुटले नाही.

हेल्मेट कवटी वाचवते; आत मेंदूला बसणारा हिसका ते पुरता रोखू शकत नाही. ही इजा सी. टी. स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही आणि घरात घोटाळा होतो तो इथेच. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे!’ म्हणत रुग्णाला आळशी, चिडका ठरवले जाते. उजेड-आवाज न सोसणे, दोन पाने वाचताच डोके जड होणे, विसरणे ही सोंगे नव्हेत. अशा रुग्णाने कामाचे तुकडे पाडावेत, झोप सांभाळावी, दारू टाळावी. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने फिरणे हळूहळू वाढवावे. त्रास पूर्ण थांबेपर्यंत कबड्डी, कुस्ती बंद. मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.