धानाचा भाव आणि परदेशचा बाजार

मूल, सिंदेवाही वा आरमोरीकडील बांधीत पिकलेल्या धानाचा भाव जवळच्या गिरणीतच ठरतो, असा अनेकांचा समज असतो. तो पुरता खरा नाही. २० जुलै २०२३ रोजी भारत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. २८ सप्टेंबर २०२४ रोजी ती पुन्हा खुली झाली. देशात तांदूळ स्वस्त राहावा, हा बंदीचा हेतू. खाणाऱ्यास तिचा आधार होतो. विकणाऱ्यास मात्र चढ्या भावास मुकावे लागते.

परदेशी व्यापाराचा लाभ सर्वांस सारखा पोहोचत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ पेटिया टोपालोव्हा यांनी भारतातील जिल्हावार आकड्यांवरून २०१० साली दाखविले. १९९१ नंतर आयात-जकात घटली. देशातील दारिद्र्य एकंदरीत कमी झाले. परंतु ज्या ग्रामीण जिल्ह्यांतील धंद्यांवर या कपातीचा भार अधिक पडला, तेथे ते मंद गतीने हटले. जुना धंदा सोडून नवा धरणे, गाव सोडून दुसरीकडे जाणे लोकांस सोपे नव्हते.

एकाच पिकावर विसंबणाऱ्या शेतकऱ्यास यातून बोध आहे. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर हरभरा, लाखोळी वा जवस घ्यावे. आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत खरेदी केंद्रावर वेळेवर नोंदणी करावी. ग्रामसेवकांनी हमीभाव व बाजारभाव चावडीवर लिहून ठेवावेत. बंदरावरची बातमी खळ्यावर वेळेत पोहोचली, तर शेतकऱ्याचा सौदा आंधळा राहत नाही.