स्वतंत्र चित्रपट आणि चैतन्य ताम्हाणे



“मला सिनेमा काढावयाचा आहे,” असें एखाद्या मुलानें घरीं सांगितलें, तर आईबापांच्या पोटांत गोळा उठतो. त्यांची भीति अगदींच अनाठायीं आहे असें मी म्हणणार नाहीं. तथापि मोठें भांडवल पाठीशीं नसतां जगाची मान्यता मिळविलेल्या एका मराठी दिग्दर्शकाची हकीकत नीट पाहिली, तर भीति कशाची बाळगावी व कशाची बाळगूं नये, हें कांहींसें कळूं लागतें. त्यांचें नांव चैतन्य ताम्हाणे.

प्रथम ‘स्वतंत्र चित्रपट’ म्हणजे काय तें पाहूं. मोठ्या चित्रसंस्थेचा पैसा, नामांकित नटनट्या आणि हमखास लोकप्रिय होणारीं गाणीं यांच्या आधाराशिवाय काढलेल्या चित्रपटास स्वतंत्र म्हणतात. त्याच्या कथेंत कोणी ढवळाढवळ करीत नाहीं, हा लाभ. परंतु पैसा कोण देणार व चित्रपट दाखवावयाचा कोठें, हे दोन प्रश्न कर्त्याच्या मानगुटीस बसलेले असतात. दुसऱ्या प्रश्नास आंतरराष्ट्रीय महोत्सवांनीं बरेंचसें उत्तर दिलें आहे. इटलींतील व्हेनिसचा महोत्सव त्यांत सर्वांत जुना. पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या १९३६ सालच्या बोलपटाचा १९३७ सालीं तेथेंच गौरव झाला होता.

ताम्हाणे यांचा जन्म १९८७ सालीं मुंबईंत झाला. मिठीबाई महाविद्यालयांत त्यांनीं इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला. विशीच्या आंतच दूरदर्शन-मालिकांसाठीं लेखन, पुढें एक माहितीपट, एक नाटक व एक लघुपट असा त्यांचा प्रवास झाला. त्यानंतर हातांत काम नाहीं व पैसाही नाहीं, अशी वेळ आली. तेव्हां विवेक गोम्बर या नटमित्रानें, “तूं लिहीत बस,” असें सांगून दरमहा ठराविक रक्कम देऊं केली. पुढें तेच निर्माते झाले. पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें एका मित्राच्या विश्वासानें मिळालें.

या लेखनांतून ‘कोर्ट’ हा चित्रपट जन्मास आला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप येतो कीं, त्याचें गाणें ऐकून गटारांत उतरणाऱ्या एका कामगारानें आत्महत्या केली. त्या कामगाराजवळ संरक्षक साधनें नव्हतीं. आंत खडा टाकावा, झुरळ बाहेर आलें तर हवा आहे असें समजावें, एवढाच त्याचा आधार. तरीही खटला चालतच राहतो व तारखांवर तारखा पडतात. येथें कोणी टेबलावर मुठी आपटून भाषण करीत नाहीं. सरकारी वकील बाई काम आटोपून घरीं जातात व स्वयंपाकास लागतात. न्यायाधीश सुटींत सहलीस जातात. कोणी दुष्ट दिसत नाहीं आणि तरीही अन्याय घडतो. हें पाहतांना मन अस्वस्थ होतें. शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते व ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक वीरा साथीदार यांनीं केली. २०२१ सालीं ते निवर्तले.

२०१४ सालीं व्हेनिस येथें ‘कोर्ट’ला ‘ओरिझोंती’ विभागांतील सर्वोत्तम चित्रपटाचें व पदार्पणाच्या चित्रपटाचें अशीं दोन पारितोषिकें मिळालीं. नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळालें. भारतातर्फे तो ऑस्करसाठीं पाठविण्यांत आला. तेथें अंतिम पांचांत त्याची निवड झाली नाहीं. पुढें ‘रोमा’ या चित्रपटाच्या चित्रीकरणाचे वेळीं मेक्सिकोचे विख्यात दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांच्याजवळ राहून शिकण्याची संधि त्यांना लाभली.

दुसरा चित्रपट ‘द डिसायपल’ सहा वर्षांनीं, म्हणजे २०२० सालीं आला. ‘मॉन्सून वेडिंग’ (२००१) नंतर व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेंत निवडला गेलेला हा पहिलाच भारतीय चित्रपट; त्यास सर्वोत्तम पटकथेचें पारितोषिक मिळालें. शास्त्रीय गायन शिकणारा शरद वर्षानुवर्षें रियाझ करतो, गुरूची सेवा करतो. आणि अखेर त्यास उमगतें कीं, आपण त्या पायरीचे गायक नाहीं. शरदची भूमिका आदित्य मोडक या खऱ्या गायकानेंच केली आहे.

हा दुसरा चित्रपट मला शिक्षक म्हणून विशेष विचार करावयास लावतो. ‘कष्ट करा, यश मिळेल,’ असें आम्ही वर्गांत नित्य सांगतों. परंतु कष्टांनीं काम चांगलें होतें, कीर्ति मिळेलच असें नाहीं. हें मुलांस सांगण्यास आम्ही कचरतों. पालकहो, आपल्या मुलाची निष्ठा खरी दिसली तर त्यास थोडा अवधि जरूर द्या; पण त्याबरोबर यशाचें वचन देऊं नका व मागूंही नका.

आणि मुलांनो, विषय धुंडण्यास दूर जावें लागत नाहीं. आपल्या मुळशीच्या धरणाखालीं गांवें बुडालीं. त्यासाठीं १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं आपल्याच शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. त्या पाण्यावर भिऱ्यास वीज होऊन मुंबईस गेली. तुमच्या घरीं कोणा वृद्धास वाडवडिलांकडून ऐकलेलें त्यांतलें कांहीं आठवत असेल, तर या सुटींत त्यांच्यापाशीं बसा आणि तें जसेंच्या तसें वहींत उतरवून घ्या.