काकांची रेसबुके : घोडा ओळखण्याची विद्या आणि भावाचे गणित

आमचे भाऊकाका लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. महालक्ष्मीचे रेसकोर्स तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १८८३ पासून तिथे शर्यती होत आहेत. म्हणजे गिरणगाव आणि रेसकोर्स हे जुने शेजारी. पगाराच्या दिवशी काकू गिरणीच्या दरवाजावर उभ्या राहत आणि पाकीट हातात घेऊनच घरी येत. तरीही रेसपुरते पैसे काका कुठून तरी उभे करत आणि बहुतेक वेळा घालवून येत. घरात त्यांच्याबद्दलचा निकाल कायमचा लागलेला होता : “भाऊला घोड्यातलं काही कळत नाही.”

काका गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत रेसबुकांची चळत निघाली. प्रत्येक शर्यतीपुढे पेन्सिलीच्या खुणा, निवडलेल्या घोड्याभोवती गोल, समासात लावलेले पैसे आणि नंतर लिहिलेला निकाल. मी कॉमर्सचा पदवीधर. संख्याशास्त्र नोकरी सांभाळून, पुस्तके वाचून शिकलो. ही रेसबुके मी दोन वर्षे रविवारी रविवारी एका रजिस्टरमध्ये उतरवली. प्रश्न एकच होता : घरचा निकाल बरोबर होता का?

आधी त्या खुणा समजून घ्याव्या लागल्या. काका शर्यतीच्या आदल्या रात्री बसत. सुरुवात वजनापासून. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात. आधीच्या कामगिरीवरून प्रत्येक घोड्याला रेटिंग मिळते आणि साधारणपणे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. ४४ रेटिंगचा आणि ३० रेटिंगचा घोडा एकाच शर्यतीत असले, तर पहिल्याच्या पाठीवर सात किलो जास्त. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरले, तर शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरे करतात. हँडिकॅपरचा हेतू असा की सगळे घोडे शेवटच्या खांबापाशी एकत्रच यावेत. म्हणून ‘मागची रेस जिंकला, आता हाही जिंकेल’ हा हिशेब कच्चा ठरतो. मागच्या विजयाचे वजन आज त्याच्या पाठीवर आलेले असते. शिकाऊ जॉकीला वजनात सवलत मिळते. तशा नावांपुढे काकांनी फुली केलेली दिसते.

दुसरी गोष्ट अंतर. १२०० मीटर एका दमात पळणारा घोडा २००० मीटरला शेवटच्या टप्प्यात ढेपाळू शकतो. तिसरी जमीन. नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुमारास मुंबईत कोरडी धाव असते. पावसाळ्यात हंगाम पुण्याला जातो आणि माती मऊ होते. पेनिट्रोमीटर नावाच्या उपकरणाची सळई जमिनीत किती घुसते, यावरून मऊपणा मोजतात. पुण्याला चिखलात पळालेला घोडा मुंबईत तसाच पळेल याची खात्री नसते, आणि उलटही.

चौथी गोष्ट सकाळचा सराव. ‘६००/३८’ अशी नोंद असली, तर घोड्याने ६०० मीटर ३८ सेकंदांत कापले. पण आकड्यापेक्षा पुढचा शब्द महत्त्वाचा : सहज की रेटून? सहज घेतलेले ३९ हे रेटून काढलेल्या ३८ पेक्षा चांगले. काकांनी आकड्याखाली कधीच रेघ मारलेली नाही. रेघ आहे ती ‘सहज’ या अर्थाच्या शेऱ्याखाली.

पाचवी गोष्ट ड्रॉ, म्हणजे सुटताना मिळालेली जागा. याला शाळेतली भूमिती पुरते. वळण अर्धवर्तुळाकार धरले आणि एखादा घोडा आतल्या कठड्यापासून दोन मीटर जास्त बाहेरून पळाला, तर तो दोन गुणिले पाय, म्हणजे सव्वासहा मीटर जास्त पळतो. घोड्याची लांबी सुमारे २.४ मीटर. म्हणजे अडीच लेंथ वळणातच गेल्या. कित्येक शर्यतींचा निकाल याहून कमी अंतराने लागतो. शेवटी पॅडॉक. तिथे घोडा घामाघूम, बिथरलेला दिसला, तर रात्रीचा अभ्यास बाजूला ठेवायचा.

एवढे सगळे करून काकांचा गोल पडे. माझ्या रजिस्टरचा पहिला निष्कर्ष मला चकित करून गेला. फेव्हरिट म्हणजे ज्यावर सर्वांत जास्त पैसा लागतो तो घोडा. जगभरातल्या नोंदींत तो सर्वसाधारणपणे तीन शर्यतींत एकदा जिंकतो. काकांचे घोडेही जवळपास तितक्याच वेळा जिंकले होते, आणि ते सगळे फेव्हरिट नव्हते. घोड्यातले काही न कळणाऱ्या माणसाला हे जमत नाही.

मग पैसे गेले कुठे? इथे दुसरे गणित सुरू होते. एकास चार भाव म्हणजे रुपयाला चार रुपये नफा आणि आपला रुपया परत. असा घोडा पाचांत एकदा, म्हणजे २० टक्के वेळा जिंकला, तर आपण बरोबरीत सुटतो. प्रत्येक भावात अशी एक टक्केवारी दडलेली असते. समजण्यासाठी सहा घोड्यांची एक कल्पित शर्यत घेऊ. भाव एकास दीड, अडीच, चार, सहा, आठ आणि दहा. टक्केवारी अनुक्रमे ४०, २८.६, २०, १४.३, ११.१ आणि ९.१. बेरीज १२३. खरी शक्यता १०० पेक्षा जास्त असूच शकत नाही. वरचे २३ हे बुकीचे. सहाही घोड्यांवर याच प्रमाणात १२३ रुपये लावले, तर कोणीही जिंको, हातात १०० येतात.

टोटवर बुकी नसतो. सगळ्यांचे पैसे एकत्र करून, कपात वजा करून, उरलेले विजेत्यांत वाटतात. ही पद्धत १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी आणली. तिचे पहिले स्वयंचलित यंत्र जॉर्ज ज्युलियस यांनी बनवले आणि ते १९१३ साली ऑकलंडच्या एलर्सली मैदानावर बसले. ज्युलियस यांनी ते मुळात मतमोजणीसाठी कल्पिले होते, आणि टोट ही खरोखर एक मतमोजणीच आहे. भाव ठरतो लोकांच्या पैशांच्या मताने. पण मोजण्याची फी आधी कापली जाते. त्यावर कर. पैजेवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. काकांच्या काळचे आकडे वेगळे, तत्त्व हेच.

म्हणजे ‘कोण जिंकेल?’ हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा : ‘या घोड्याची शक्यता त्याच्या भावात दडलेल्या टक्केवारीपेक्षा जास्त आहे का, आणि कपात भरून निघेल इतकी जास्त आहे का?’ काकांच्या रेसबुकांत घोड्यांविषयी शेकडो खुणा आहेत, भावाविषयी जवळजवळ नाहीत. घोडा बरोबर ओळखूनही, तीच ओळख इतर हजारो लोकांनाही पटलेली असली, तर भाव आधीच उतरलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. ते खरेच आहे. पण कौशल्य असणे वेगळे आणि त्यातून पैसा सुटणे वेगळे. आपल्या कौशल्याची लढत घोड्यांशी नसते, समोरच्या गर्दीच्या कौशल्याशी असते.

या लढतीत कोणी जिंकलेच नाही असे नाही. हाँगकाँगमध्ये विल्यम बेंटर यांनी संगणकावर प्रत्येक घोड्याची शक्यता काढून मोठी कमाई केली. १९९४ साली त्यांनी आपली पद्धत लेख लिहून मांडली. त्यातली मला सर्वांत शिकवून गेलेली गोष्ट अशी की संगणकाचा अंदाज त्यांनी एकटा वापरला नाही. त्यात लोकांचा भाव मिसळला. गर्दीला आपल्यापेक्षा काहीतरी जास्त माहीत असते, हे मान्य केल्यावरच त्यांचा अंदाज सुधारला.

माझ्या रजिस्टरचा शेवटचा निष्कर्ष लिहिताना मात्र हात अडखळला. दिवसाच्या सुरुवातीच्या शर्यतींत काकांचे गोल अभ्यासाचे आहेत आणि रक्कम लहान आहे. शेवटच्या शर्यतीत गोल अचानक एकास पंधरा, एकास वीस अशा घोड्यांभोवती जातात आणि समासातली रक्कम वाढते. आदल्या रात्रीच्या खुणा तिथे वेगळ्याच घोड्यापुढे असतात. १९४९ साली ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवले होते की मोठ्या भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसा लावतात. १९५६ साली मॅकग्लोथलिन यांना दिसले की दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत लोकांचा पैसा फेव्हरिटकडून आणखी सरकतो. दिवसभराचे गेलेले एका फटक्यात भरून काढायचे असते. अमेरिकेतल्या त्या अनोळखी माणसांच्या रांगेत आमचे काकाही उभे होते. ती निवड घोडा बघून झालेली नव्हती. घरी जाऊन काकूंना काय सांगायचे, या विचाराने झालेली होती.

आता मीही हंगामात शनिवारी रात्री रेसबुक घेऊन बसतो. वजन, अंतर, जमीन, सराव, ड्रॉ बघून प्रत्येक घोड्यापुढे टक्के लिहितो आणि बेरीज १०० होते का पाहतो. दुसऱ्या दिवशी भाव आले की शेजारी त्यांची टक्केवारी मांडतो. कपात भरून काढेल इतका फरक क्वचितच सापडतो. सापडला, तर चूक माझी असण्याची शक्यता जास्त. तिकीट मी काढत नाही.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. रजिस्टर घेऊन मी त्यांच्यापुढे बसलो आणि जमेल तितक्या सोप्या भाषेत सगळे सांगितले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांना कळत होतं?”

“कळत होतं, काकू. घोडे कळत होते.”

“आणि शेवटच्या रेसचे पैसे?”

मी शेवटच्या रकान्याची बेरीज दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली आणि रजिस्टर मिटून माझ्या हातात दिले. “हे त्यांना तेव्हा कोणी सांगायला हवं होतं रे,” एवढेच म्हणाल्या.