कर्ज थकले तर ट्रॅक्टर वाचतो का?

दोन हंगाम मागोमाग वाया गेले की ट्रॅक्टरचा हप्ता थकतो. मग गावात दोन तऱ्हेचे सल्ले मिळू लागतात. कोणी सांगतो, शेतकऱ्याच्या अवजाराला कायद्याने हात लावता येत नाही. कोणी सांगतो, बँकेची माणसे केव्हाही येऊन ट्रॅक्टर ओढून नेतात. या दोन्ही समजुती अर्धवट आहेत. आपला ट्रॅक्टर कोणत्या कर्जासाठी तारण आहे, यावर बहुतांशी उत्तर अवलंबून असते.

कायद्याने काय वाचते?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूण-पांघरूण तीत येतात. कर्जदार शेतकरी असेल तर त्याची शेतीची अवजारे, तसेच उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरे व बियाणे जप्तीतून वगळले जाते. शेतकऱ्याचे स्वतःचे राहते घरही वगळलेले आहे. ही सवलत आपण सोडून देत आहोत, असे कोणी लिहून घेतले तरी तो करार रद्दबातल ठरतो.

समजा, खताच्या दुकानदाराची उधारी थकली व त्याने दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा मिळवला. त्याच्या वसुलीत नांगर, वखर, पाभर व कामाचे बैल यांसाठी वरील सवलत मागता येते. ट्रॅक्टर कर्जमुक्त असेल तर तो शेतीचे अवजार असल्याचे म्हणणेही मांडता येते. मात्र निर्णय न्यायालयाचा असतो. ट्रॅक्टर मुख्यतः भाड्याने किंवा वाळू-विटांच्या वाहतुकीला चालत असेल तर हे म्हणणे लंगडे पडते. मोटारसायकल, जीप व मोटारगाडी यांचा या यादीत उल्लेख नाही.

नजरगहाण असेल तर

ट्रॅक्टर ज्या कर्जातून घेतला त्याच कर्जासाठी तो बँकेकडे नजरगहाण असतो. ट्रॅक्टर आपल्या दारात उभा असतो, पण आर.सी. बुकावर बँकेच्या बोजाची नोंद असते. अशा कर्जापुरते वरील संरक्षण उपयोगी पडत नाही. सरफेसी कायदा, २००२ मधून शेतजमिनीवरील तारण वगळलेले आहे. कलम ६० मधील वस्तूही वगळल्या आहेत. परंतु त्याच कर्जासाठी खास तारण दिलेली वस्तू या सवलतीत येत नाही. म्हणून ट्रॅक्टरवर बँकेचा हक्क राहतो.

नादारी जाहीर केल्यास

व्यक्तींच्या दिवाळखोरीसंबंधीचा २०१६ च्या संहितेतील भाग सर्वसाधारण शेतकऱ्यांना लागू करण्यात आलेला नाही. मुंबई शहराबाहेर प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० चालतो. नादार ठरलेल्या माणसाची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, पण कलम ६० ने वाचवलेल्या वस्तू त्याच्याकडेच राहतात. याच कायद्याने तारण असलेल्या धनकोचा हक्कही अबाधित ठेवला आहे. म्हणजे नादारीच्या अर्जाने दुकानदाराची उधारी व हातउसने यांचा प्रश्न मार्गी लागू शकतो, पण नजरगहाण ट्रॅक्टर सुटत नाही. केवळ ट्रॅक्टर वाचवण्यासाठी हा अर्ज करू नये.

ताबा घेण्याची रीत

बँकेचा हक्क असला तरी दांडगाई चालत नाही. वसुलीसाठी गुंडांचा वापर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले. ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यावा, हे २०११ मध्ये पुन्हा सांगितले. सरफेसी कायद्याखाली कारवाई करायची असल्यास बँकेला आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तिला लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. ताबा घेतल्यानंतर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. वसुली एजंटांनी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कळवले आहे.

ट्रॅक्टर दिला म्हणजे कर्ज फिटले, असे नाही

हा गैरसमज महागात पडतो. समजा, येणे ४ लाख रुपये आहे व लिलावात ३ लाख आले. खर्च वजा जाता उरलेली रक्कम आपल्या नावावर थकबाकी म्हणून राहते. उलट जास्त रक्कम आली तर ती आपल्याला परत मिळायला हवी. म्हणून लिलावाचा हिशेब लेखी मागावा.

काय करावे?

१. हप्ता चुकणार हे दिसताच शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. हप्त्यांची फेरआखणी खाते थकीत होण्यापूर्वी मागणे सोपे जाते. पीक बुडाले असल्यास पंचनाम्याची प्रत जोडावी.

२. कर्जाचा करार घरी आणून वाचावा. हाच ट्रॅक्टर दुसऱ्या कर्जालाही तारण धरण्याचे कलम आहे का, ते पाहावे. कर्जमुक्त ट्रॅक्टर घरखर्चाच्या कर्जासाठी तारण देऊ नये. तसे केल्यास त्या कर्जापुरते त्याचे संरक्षण जाते.

३. कोऱ्या कागदावर सही करू नये. ट्रॅक्टर नेल्यास ताबा पावती घ्यावी. तीत तारीख, मीटरचे वाचन व सोबतची अवजारे लिहून घ्यावीत.

४. बँकेच्या परवानगीविना ट्रॅक्टर विकू नये किंवा लपवू नये. त्यातून फौजदारी गुन्हा होऊ शकतो.

५. ट्रॅक्टर मोडावाच लागला तर बँकेच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक शोधावे. लिलावापेक्षा बरा भाव येण्याची शक्यता असते.

६. कर्ज फिटल्यावर बँकेकडून नाहरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन आर.टी.ओ. कार्यालयात बोजा उतरवावा.

७. नोटीस आल्यास ती घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना तेथे मोफत वकील मिळतो. तडजोडीसाठी लोक अदालतीतही प्रकरण ठेवता येते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते, म्हणून हप्ते झेपतील तेवढेच कबूल करावेत.

नोटीस टाळल्याने मुदत थांबत नाही. ती आल्या दिवशीच उघडून तारीख लिहून ठेवावी व ६० दिवसांचा हिशेब तेव्हापासून धरावा.