परंपरेची पुनर्मांडणी : ‘अर्ल्स ऑफ लेस्टर’ हा ब्लूग्रास वाद्यवृंद

अमेरिकेच्या आग्नेय भागातील लोकगीते, चर्चमधील सामूहिक गायन व ब्लूज यांच्या संयोगातून बिल मन्रो (१९११–१९९६) यांनी १९४० च्या दशकात जी शैली घडवली, ती ब्लूग्रास होय. ‘ब्लू ग्रास बॉइज’ या त्यांच्या वृंदावरून हे नाव रूढ झाले. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार व बास ही तिची प्रमुख वाद्ये. ढोलासारखे तालवाद्य नसते. मँडोलिनचा तुटक आघात आणि बासचा ठेका हेच ते काम करतात.

डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज या वृंदात आले. अंगठा, तर्जनी व मध्यमा यांनी बँजो वाजवण्याच्या त्यांच्या पद्धतीने या संगीतास आजची गती दिली. १९४८ मध्ये गायक लेस्टर फ्लॅट यांच्यासह ते बाहेर पडले व दोघांनी ‘फॉगी माउंटन बॉइज’ हा वृंद उभारला. १९५५ मध्ये जॉश ग्रेव्हज यांनी त्यात डोब्रो आणली. ही आडवी धरून, तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवायची गिटार. आपल्या विचित्रवीणेची आठवण व्हावी अशी.

स्क्रग्ज यांचे २०१२ मध्ये निधन झाले. पुढील वर्षी डोब्रोवादक जेरी डग्लस यांनी केवळ फ्लॅट-स्क्रग्ज यांचेच संगीत वाजवणारा ‘अर्ल्स ऑफ लेस्टर’ हा वृंद नॅशव्हिल येथे स्थापन केला. लेस्टर या इंग्लिश शहराचे नाव आणि फ्लॅट यांचे नाव यांचा उच्चार एकच; ‘अर्ल’ म्हणजे उमराव. या श्लेषात दोन्ही गुरू सामावले आहेत. २०१४ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेस २०१५ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला.

येथे एक रास्त आक्षेप उद्भवतो. फ्लॅट-स्क्रग्ज स्वतः नवप्रवर्तक होते. मग त्यांची हुबेहूब नक्कल ही त्यांच्या वृत्तीशी प्रतारणा नव्हे काय? १९६९ मध्ये ती जोडी फुटली, तीही काहीशी याच प्रश्नावर. स्क्रग्ज मुलांसमवेत नव्या संगीताकडे वळले, फ्लॅट जुन्या वळणावरच राहिले. आक्षेपात तथ्य असले तरी तो अपुरा वाटतो. डग्लस यांना नव्याचे वावडे नाही. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेसह त्यांनी १९९५ मध्ये ध्वनिमुद्रण केलेले आहे. असा कलावंत मागे वळतो तेव्हा त्यास स्मरणरंजन म्हणून निकालात काढता येत नाही. एकाच मायक्रोफोनपुढे पुढे-मागे सरकत वाजवण्याच्या काळात वादकांना केव्हा वाजवावे याइतकेच केव्हा थांबावे हेही शिकावे लागे. हा संयम स्वरलिपीत उतरत नाही. तो एकत्र वाजवूनच हाती येतो, आणि नक्कल हा त्याचा अपरिहार्य पहिला टप्पा ठरतो.

या वृंदातील फिडलवादक जॉनी वॉरेन हे मूळ वृंदातील फिडलवादक पॉल वॉरेन यांचे पुत्र. मँडोलिनवर आरंभी टिम ओब्रायन होते, पुढे जेफ व्हाइट आले. वादक बदलला तरी वाजवायचे संगीत तेच राहिले.