दिवाळीनंतरची सहल : आधी वारा पाहा, मग नकाशा

भाऊबीज आटोपते, फराळाचे डबे तळाला जातात आणि मध्यमवर्गीय घरांत एक विषय निघतो : चार-पाच दिवस कुठे जायचे? रजा शिल्लक असते, मुलांच्या शाळा अजून उघडलेल्या नसतात, ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो. मग ऑफिसातील कुणी कुठे जाऊन आले, जाहिरातीत काय स्वस्त दिसते आणि कोणत्या गाडीचे आरक्षण मिळते, या तीन गोष्टींवर निर्णय होतो. ज्या आठवड्यात आपण जाणार, त्या आठवड्यात तिथले आकाश कसे असेल, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. पावसाळा संपला म्हणजे तो देशभर संपला, अशी आपली सोयीस्कर समजूत असते.

हीच समजूत बाळगून काही वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही आईला घेऊन रामेश्वरला गेलो होतो. काशी तिची झाली होती, रामेश्वर राहिले होते. पोहोचलो त्या रात्रीपासून जो पाऊस लागला, तो तीन दिवस थांबला नाही. मंदिरातील बावीस तीर्थांचे स्नान तिने कुडकुडत उरकले. धनुष्कोडीला जाणाऱ्या जीपगाड्या मात्र बंद होत्या आणि समुद्र पाहायचा तो लॉजच्या खिडकीतून, धुक्यासारख्या सरींपलीकडे. दोष कुणाचाच नव्हता. लॉजच्या व्यवस्थापकाने सहज म्हटले, ‘‘अहो, हाच तर आमचा पावसाळा.’’ आईची ती शेवटची लांबची सहल ठरली. शाळेच्या भूगोलात शिकलेला परतीचा मोसमी वारा मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला.

तो प्रकार थोडक्यात असा. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून आलेला पाऊस साधारणपणे सप्टेंबरच्या मध्यास पश्चिम राजस्थानातून माघार घेऊ लागतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बहुतेक देशातून निघून जातो. जमीन थंड होते, वाऱ्याची दिशा उलटते आणि तो ईशान्येकडून वाहू लागतो. आपल्याकडे पोहोचणारा हा वारा जमिनीवरून आलेला असल्यामुळे कोरडा असतो. तमिळनाडूच्या वाट्याला येणारा वारा मात्र बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलून आलेला असतो. त्या राज्याच्या वार्षिक पावसापैकी जवळपास निम्मा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. २०१५ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चेन्नई पाण्याखाली गेली आणि तिथला विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला, तो हाच हंगाम. केरळात या दिवसांत दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. अंदमानातही पाऊस पूर्ण सरलेला नसतो. बंगालच्या उपसागरातील मोठी चक्रीवादळेही याच सुमारास उठतात. १९७७ साली आंध्रच्या किनाऱ्यावर आलेले वादळ १९ नोव्हेंबरचे होते आणि ओरिसाचे महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबर १९९९ चे. तेव्हा पुद्दुचेरी, रामेश्वर, कन्याकुमारी हे बेत जानेवारीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे ‘दिवाळीची सुट्टी’ हा शब्दप्रयोगच. दिवाळी तिथीने येते, हवा तिथी पाहत नाही. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे ते १२ नोव्हेंबरला गेले. एकोणीस दिवसांच्या या फरकात देशातील हवामान बरेच पालटते. ‘आम्ही दिवाळीत गेलो तेव्हा छान हवा होती’ असे शेजाऱ्यांनी सांगितले, तर कोणत्या वर्षी, हे आवर्जून विचारावे.

हिमालयाच्या बाबतीत तर हे दिवस निर्णायक असतात. गंगोत्रीचे दरवाजे अन्नकुटाला, केदारनाथ व यमुनोत्रीचे भाऊबीजेला बंद होतात; बद्रिनाथ नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उघडे असते. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलला जाणे सोपे झाले आहे, पण त्यापलीकडची कुंझुम खिंड बर्फाने केव्हा बंद होईल याचा नेम नसतो. कुमाऊंत मात्र या दिवसांत आकाश निवळलेले असते आणि कौसानीहून नंदादेवी, त्रिशूळ ही शिखरे स्वच्छ दिसतात. बर्फात खेळायचे नसून बर्फ पाहायचे असेल, तर नोव्हेंबरसारखा महिना नाही. दिल्ली-आग्ऱ्याचा मोह मात्र टाळावा. शेतातील काडीकचरा जाळल्याचा धूर, पडलेला वारा आणि रात्री जमिनीलगत अडकून राहणारी थंड हवा यांमुळे तिथे नेमक्या याच आठवड्यांत श्वास घेणे कठीण होते. घरात दम्याचे रुग्ण असल्यास हा मुद्दा केवळ सोयीचा राहत नाही.

मग जावे कुठे? माझे मत विचाराल, तर मुंबई-पुण्याच्या माणसाने या दिवसांत नर्मदेकाठी जावे. इंदूरहून सुमारे नव्वद किलोमीटरवर महेश्वर आहे, अहिल्याबाई होळकरांची राजधानी. पावसाळ्यात गढूळ, फुगलेली नर्मदा कार्तिकात शांत आणि नितळ होते. घाटांच्या पायऱ्या पाण्यावर येतात. नावेने थोडे पुढे गेल्यास सहस्रधारा दिसते, जिथे नदी काळ्या खडकांतून असंख्य धारांनी फुटून वाहते. पुरात हे खडक दिसतही नाहीत. चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर, नर्मदेची परिक्रमा सुरू होते. त्यामुळे घाटावर पाठीवर पडशी घेतलेले परिक्रमावासी भेटतात आणि त्यांत मराठी बोलणारे हमखास निघतात. गावातील हातमागांवर महेश्वरी साड्या विणताना पाहता येतात. (खरेदीसाठी वेगळा दिवस धरावा, असा अनुभवाचा सल्ला.) तिथून चाळीसेक किलोमीटरवर मांडू. मांडू पावसातच पाहावे, असे सांगितले जाते व त्यात तथ्य आहे. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला तलावांत पाणी असते, जहाजमहालाचे नाव सार्थ वाटते आणि पायऱ्या निसरड्या नसतात. वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पहाटे शाल लागते.

दक्षिणेकडेच जायचे असेल, तर किनारा सोडून पठारावर राहावे. हंपीच्या उघड्या खडकांवर मार्चनंतर दिवसा फिरणे अशक्य होते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तिथला काळ. एका दिवसात हंपी ‘उरकणारे’ गट मी पाहिले आहेत; निदान दोन मुक्काम हवेतच. कच्छच्या पांढऱ्या रणाबाबत थोडा संयम पाळावा. पावसाळ्यात साचलेले पाणी आटल्याशिवाय मिठाचा थर दिसत नाही आणि ते आटता आटता नोव्हेंबर सरू शकतो. तेवढ्यासाठीच जायचे असेल, तर डिसेंबरची पौर्णिमा गाठावी. २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले धोळावीरा मात्र पाण्याच्या या हिशेबावर अवलंबून नाही.

वाघासाठी जंगलात जाणाऱ्यांनीही अपेक्षा बेताची ठेवावी. ताडोबा-पेंच ऑक्टोबरमध्ये उघडतात, पण गवत उंच असते आणि पाणी जागोजागी असल्यामुळे जनावरांना ठरावीक पाणवठ्यावर यावे लागत नाही. वाघ उन्हाळ्यात अधिक सहज दिसतो. आता दिसते ते जंगल. पक्षी हवे असतील तर भरतपूर. तिथे स्थलांतरित पक्षी याच सुमारास उतरू लागतात, मात्र ज्याच्यासाठी पूर्वी लोक धावत जात, तो सायबेरियन क्रौंच २००२ नंतर तिथे आलेला नाही.

लांब जाणे जमत नसेल, तर आपले कोकण आहेच. मालवण-तारकर्लीचा समुद्र निवळलेला असतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या सुरू झालेल्या असतात. अरबी समुद्रही अगदी निर्धोक नव्हे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ याच किनाऱ्यावर आले होते. निघण्यापूर्वी वेधशाळेचा अंदाज पाहायला दोन मिनिटे पुरतात.

आरक्षणाबाबत जुनी सवय सोडावी लागेल. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यास निघायचे, तर सप्टेंबरच्या मध्यास, गणपतीच्या आगेमागे, तिकीट काढावे लागते. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते, ताजमहाल शुक्रवारी, ताडोबा मंगळवारी. रजेचा अर्ज देण्यापूर्वी हे वार कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत.